तळ्याकाठचा धूप

काल कार्डिफच्या घरात धूप लावला आणि त्या वासासरशी मी थेट स्कॉटलंडच्या जंगलातल्या तळ्याकाठी पोचले. नऊ वर्षांची मी, आयुष्यातला पहिला तंबू! दिवसभर नुसत्या उड्या मारत होते.

तिन्हीसांजेला आईने शेकोटीतल्या निखाऱ्यांवर धूप टाकला.

"अगं, इथेसुद्धा? लोक बघतायत," बाबा पुटपुटले.

"अहो, दिवेलागणीची वेळ झाली," आई म्हणाली.

मी लाजेने तंबूत दडले. पण लोक नुसते बघत नव्हते, धावत येत होते! चावऱ्या चिलटांनी सगळे हैराण झाले होते आणि आमच्या धुराजवळ एकही चिलट फिरकत नव्हतं. अख्खी कॅम्पसाइट आईभोवती गोळा झाली.

"दॅट्स माय मम!" ओरडत मी बाहेर धावले.

आत का लपले होते, ते मात्र आईला अजून सांगितलेलं नाही.