सुमित्राबाईचा चौथा मेसेज

सुमित्राबाई मला कधी आवडली नाही, हे आधीच सांगून टाकतो. वर्ध्याजवळ पिपरी मेघेच्या आमच्या गल्लीत ती कोणालाच आवडत नाही. माझ्या कडुनिंबाची पानं तिच्या अंगणात पडतात म्हणून तिने मला एकदा भर रस्त्यात विचारलं होतं, "काकाजी, झाड तुमचं अन् कचरा माहा, हा कोनता न्याय व्हय?" मी पानं झाडून दिली. मला बोलण्याची सवय नाही. लिहिण्याचीही सवय नाही. पाटबंधारे खात्यात जे लिहिलं ते साहेबांनी सांगितलं तसं. पण तिच्या खटल्याबद्दल गल्लीत भलतंसलतं बोललं जातं आणि मी तिथे हजर होतो, म्हणून जमेल तसं लिहितो.

तिचा नवरा प्रेमदास अगदी उलट. सावंगीला एका खानावळीत आचारी होता. पहाटे सायकलने जायचा, दुपारी यायचा, बायकोचा आवाज चढला की रेडिओ लावायचा.

गल्लीच्या टोकाला भैयाजी राहतो. त्याचा रेतीचा टिप्पर आहे. रेती चोरीची असते हे सगळ्यांना माहीत आहे, आणि घर बांधायचं तर ती त्याच्याकडूनच घ्यायची हेही. एका पहाटे टिप्परने सुमित्राबाईच्या ओट्याचा कोपरा उडवला आणि नळाची तोटी मोडली. ती भांडायला गेली. भैयाजी दात घासत हसला. म्हणाला, "ओटाच रस्त्यावर आला, बाई. टिप्पर तं सरकारी रस्त्यानं चालून राह्यला."

मग तिने व्हॉट्सअॅपवर सुरू केलं. टाइप करणं तिला जमत नाही, म्हणून आवाजाचे मेसेज. तोही आवाजातच उत्तर द्यायचा. चार दिवस हे चाललं. शेवटी त्याचा मेसेज आला, "तुह्या तोंडाले लगाम नाई. सकाळी तुहा नवरा सायकलवर निंगते, वापस खाटेवर येते, पाह्यजो."

दुसऱ्या दिवशी सावंगीच्या रस्त्यावर, रिकाम्या प्लॉटांजवळ, तोंडाला दुपट्टा बांधलेल्या माणसाने प्रेमदासच्या गुडघ्यावर लोखंडी टामी घातली. टायर खोलायची असते ती. गुडघ्याचा चुरा झाला. मारणारा कोण हे प्रेमदासला दिसलं नाही. दुसऱ्या कोणालाही दिसलं नाही.

पोलिसांना भैयाजीच्या आवारात प्रेमदासचं रक्त लागलेली टामी सापडली. पण त्या आवारात ड्रायव्हर, हमाल, दहा जण येत-जात. राहिला तो मेसेज. पोलिसांनी सुमित्राबाईचा फोन रीतसर सीलबंद केला, मेसेजच्या प्रती काढल्या, त्यांच्यासोबत लागतं ते प्रमाणपत्रही जोडलं. सगळं नीट. फक्त भैयाजी म्हणाला, "नंबर माहा नाईच."

आणि कागदावर तो खरंच त्याचा नव्हता. सिम एका जुन्या ड्रायव्हरच्या नावावर होतं आणि तो ड्रायव्हर कधीच गाव सोडून गेला होता. ते सिम ज्या फोनमध्ये होतं तो फोन सापडलाच नाही. आवाजाच्या तपासणीचा अहवाल आला, की मागे इंजिनाचा आवाज फार असल्याने मत देता येत नाही. गल्लीतल्या निम्म्या लोकांनी त्याच नंबरवर रेती मागवली होती. पण साक्षीला कोण येणार? ज्याच्या दारी सुमित्राबाई जाई तो म्हणे, "तुमचं तुम्ही पाहा." शेजारच्या नलूने तर दार लावता लावता सुनावलं, "आमच्या पोराले चोर म्हनली होती न? आता घे." मी आयुष्यात रेती विकत घेतली नाही, तयार घरात राहायला आलो. माझ्याकडे तो नंबर कधी नव्हता.

वर्ध्याच्या कोर्टात तारीख लागली तेव्हा प्रेमदासने मला सोबत जायला सांगितलं. तिने सांगितलं नव्हतं. "काकाजीले काऊन पाठवतं? थे काय बोलनार हायेत?" असं ती माझ्यासमोरच त्याला म्हणाली.

साक्षीच्या आधी सरकारी वकील बाईंनी तिला बोलावलं. तरुण होत्या, चष्मा डोक्यावर. समोरचे कागद चाळता चाळता थांबल्या.

"काकू, हा माणूस इथे म्हणतो, 'मले चोर म्हनते का?' पुढे म्हणतो, 'मिशीवर जाऊ नको.' हा उत्तरं कोणाला देतोय? तुमचे मेसेज कुठे आहेत?"

सुमित्राबाई पदराशी चाळा करत राहिली.

"पुसले," ती म्हणाली.

"कधी?"

"फोन पोलिसाले द्याच्या आधी. दवाखान्यात बसून. थे कोर्टात लावनार, जजसाहेब ऐकनार. बाईमानसाच्या तोंडच्या शिव्या... मले लाज वाटली."

वकील बाईंनी चष्मा डोळ्यांवर ओढला. "अहो, आता ते म्हणणार, हिने फोनमध्ये ढवळाढवळ केली. म्हणजे त्यातलं काहीच पुरावा म्हणून धरू नका. धमकीसुद्धा!"

"शिव्या माह्याच होत्या. मी माह्या पुसल्या. त्याची पुसली का?"

"तिथे जे विचारतील त्याचं खरं उत्तर द्या," वकील बाई थकल्यासारख्या म्हणाल्या. "आता दुसरा उपाय नाही."

भैयाजीचे वकील नागपूरहून आले होते. उंच, गोड आवाजाचे. उलटतपासणीला उभे राहिले.

"तुम्ही भांडखोर आहात, हे खरं आहे का?"

"हाव."

वकिलांनी कागद उलटला. "शेजाऱ्यांशी तुमचं पटत नाही?"

"शेजाऱ्यायचं माह्याशी पटत नाई."

"या नंबरवर तुम्ही स्वतः मेसेज पाठवले होते?"

"चार."

"ते कुठे आहेत?"

"पुसले."

"म्हणजे पुरावा नष्ट केला!"

"पुरावा त्याचा मेसेज होता. ह्या शिव्या होत्या. साहेबायच्या कानावर पडू नये म्हनून पुसल्या."

न्यायाधीश म्हणाले, "बाई, माझ्या कानांची काळजी करू नका. काय म्हणालात ते सांगा."

तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. मग तिने घसा साफ केला आणि सांगायला लागली. पहिल्या मेसेजमध्ये, तुले डोये देवानं देले का टिप्परच्या कंपनीनं, असं विचारलं होतं. दुसऱ्यात, रेती चोरून मिशीले पीळ देते, चोरा. तिसऱ्यात, ओटा बांधून दे, नाईतर तुह्या दारात चूल मांडतो. टंकलेखक बाईने दोनदा थांबून तोंडावर हात ठेवला. पिंजऱ्यात भैयाजी तेवढा हसत नव्हता.

"आणि चौथा?" वकिलांनी विचारलं.

"थो नाई सांगत."

"का?"

"नाई सांगत."

"कारण त्यात तुम्ही जिवे मारायची धमकी दिली होती."

"नाई."

"मग सांगा ना!"

"म्हनलं न, नाई सांगत."

सरकारी वकील बाईंनी कपाळाला हात लावला. मलाही वाटलं, संपलं. जी बाई आयुष्यात कुठे गप्प बसली नाही ती नेमकी इथे बसली.

तेवढ्यात भैयाजी कठड्यावरून वाकून आपल्या वकिलांना खुणावू लागला. वकील जवळ गेले. तो त्यांच्या कानात जोरजोरात कुजबुजला. चेहरा लाल झाला होता. वकील परत आले ते खुशीत.

"हे म्हणणं खरं आहे का," त्यांनी एकेक शब्द तोलून विचारलं, "की चौथ्या मेसेजमध्ये तुम्ही आरोपीला म्हणालात, 'तुह्या मायच्या तेरवीचा मांडव बी चोरीच्या रेतीवर उभा होता'?"

आईच्या तेराव्यावरचं ते बोलणं ऐकून सुमित्राबाईने मान खाली घातली. इतक्या वर्षांत मी ते पहिल्यांदा पाहिलं.

"हाव," ती म्हणाली. "म्हनलं होतं."

सरकारी वकील बाई उठल्याच होत्या. "सर, हा प्रश्न शब्दशः नोंदवावा. आरोपीचं म्हणणं आहे की तो नंबर त्याचा नाही. साक्षीदाराच्या फोनमध्ये हा मेसेज नाही, तिने तो इथे सांगितलाही नाही. मग आरोपीने तो ऐकला कुठे?"

नागपूरच्या वकिलांचा गोड आवाज पहिल्यांदा चिरकला. "मी प्रश्न मागे घेतो, सर."

"उत्तर आलेलं आहे," न्यायाधीश म्हणाले आणि टंकलेखक बाईला सावकाश सांगू लागले. आधी प्रश्न, मग उत्तर.

परतताना ऑटोत मी हिंमत करून विचारलं, "ठरवून गप्प बसली होतीस का?"

ती माझ्यावरच खेकसली. "काकाजी, तुमाले बी तसंच वाटते? त्याची माय चांगली बाई होती. माह्या बाळंतपनात तिनं मले आंघोळ घातली. रागात तिचं नाव तोंडातून निंगून गेलं. थे पुन्हा चारचौघात काऊन काढू मी?" मग बाहेर बघत म्हणाली, "थोच काढते म्हनून मले काय मालूम."

पुढे युक्तिवादात त्यांचे वकील म्हणाले, हे वाक्य तिने गल्लीभर सांगितलं असेल, तिथून आरोपीच्या कानावर आलं. पण तसं सांगायलाही गल्लीतून कोणी आलं नाही. तिच्यासाठी ज्यांनी दार लावलं होतं त्यांनी त्याच्यासाठीही उघडलं नाही. लोकांना कोर्टाची भीती सारखीच वाटते.

निकालाच्या दिवशी प्रेमदास काठी घेऊन स्वतः आला होता. तो नंबर आरोपीच वापरत होता, असं न्यायाधीशांनी धरलं. धमकी, टामी आणि दुसऱ्या दिवसाची मारहाण एकमेकांना जोडली. तीन वर्षं. वरच्या कोर्टात अपील होईल म्हणतात, त्यातलं मला कळत नाही.

भैयाजीला नेत होते तेव्हा तो व्हरांड्यात तिच्यासमोर थांबला. पोलिसाने दंड धरला होता.

"माह्या मायचं नाव कोर्टात काऊन आनलं?"

"मी नाई आनलं," सुमित्राबाई म्हणाली. "तू वकिलाच्या कानात सांगितलं. पैसे देऊन सांगितलं."

पोलिसाने त्याला पुढे ढकललं. प्रेमदास एका बाजूने कठडा धरून पायऱ्या उतरू लागला. दुसऱ्या बाजूने तिने त्याचं कोपर धरलं.

"हळू! एक पाय त्यानं घेतला, दुसरा तू घालव. अन् काकाजी, तुम्ही नुसते पाहून काऊन राह्यले? काठी धरा न!"

मी काठी धरली.