दोरसानीचं मडकं

हे सांगायला मी आजवर दोनदा तोंड उघडलं होतं. दोन्ही वेळा पाणी मागितलं आणि वेळ मारून नेली. गावाकडे आईला हे माहीत नाही, कॉलेजात कुणाला नाही, आणि ज्यांना सगळ्यांत आधी कळायला हवं होतं त्यांना तर नाहीच. तुम्हांला सांगतोय, कारण— कारण काय ते मला नीट मांडता येणार नाही.

ऐकायला क्षुल्लक वाटेल. एका पाखराची गोष्ट आहे. मीही तीन वर्षं स्वतःला हेच सांगत आलो— पाखरूच तर होतं. मग परवा साधं पोस्टकार्ड लिहिताना माझा हात का अडला?

थांबा. पहिल्यापासून सांगतो.

मी मैंदर्गीचा. आमच्या घरात माझ्याआधी सातवीच्या पुढे कुणी गेलेलं नाही. दुष्काळ सरला, पहिली चांगली ज्वारी घरात आली, आणि त्या वर्षी वडिलांनी मला सोलापूरला सायन्सला घातलं. साखर पेठेत खोली मिळाली ती राजव्वाअक्कांच्या घरी. अक्का तेलुगू. नवरा लवकर गेला, मग विड्या वळून एकुलत्या मुलीला वाढवलं, भिवंडीच्या एका मागवाल्याशी तिचं लग्न लावून दिलं, आणि घरात एकट्या उरल्या. मला त्या ‘बिड्डा’ म्हणायच्या. म्हणजे लेकरा.

एकट्या म्हटलं, पण तसं नाही. मागच्या पडवीला जाळी मारून त्यांनी एक मोठा पिंजरा केला होता, आणि त्यात ते छोटे रंगीत पोपट होते— लोक ज्यांना लव्हबर्ड म्हणतात ते. हिरवे, निळे, एक पांढरा. एकही विकत आणलेला नव्हता. कुणाच्या मुलांची हौस फिटलेली असायची, कुणाच्या पाखराचा पाय वाकडा झालेला असायचा, कुणाचं उडेनासं झालेलं असायचं. लोक दारात यायचे— “अक्का, असू दे की तुमच्याकडं.” अक्का विडीचं सूप बाजूला ठेवून हात धुवायच्या आणि पाखरू घ्यायच्या. खायला राळ्याचे दाणे, कोथिंबीर, चोच घासायला काष्ठौषधीच्या दुकानातला समुद्रफेस. वाकड्या पायाच्या पाखरासाठी दांडीला सुताच्या चिंध्या गुंडाळलेल्या, बोचू नये म्हणून. मी गुरांत वाढलेला मुलगा. पण ज्याचा काहीच उपयोग नाही अशा जिवासाठी इतकं करणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं.

त्यांचा नियम एकच होता. पिंजऱ्यात मडकं टांगायचं नाही.

या पाखरांची रीत अशी, की बाजूला भोक पाडलेलं लहान मडकं टांगलं तरच त्यांची जोडी अंडी घालायला बसते. मडकं नाही, तर सहसा अंडी नाहीत. बाजारातले लोक म्हणूनच बारा महिने मडकी टांगून ठेवतात. अक्का म्हणायच्या, “पिल्लं झाली की ठिवायची कुटं? इकायची पाळी येती. मग त्या बाजारवाल्यात आन माझ्यात फरक काय?”

आणि दोरसानीसाठी तर तो नियम जास्तच कडक होता. दोरसानी म्हणजे तेलुगूत सरदारीणबाई. पिवळी मादी, लहानशी, पण वाटीवर पहिला हक्क तिचाच. बाजारातल्या माणसाने तिच्याकडून एकामागून एक अंडी काढून घेतली होती. अक्कांकडे आली तेव्हा पोटावर पीस उरलं नव्हतं. वर्षभराने तिला पिसं आली. “आता बास,” अक्का तिला म्हणायच्या. “आता तू नुस्तं बस आन खा, दोरसानी.”

माझ्या पहिल्या वर्षीच्या हिवाळ्यात अक्कांच्या मुलीचे दिवस भरत आले. खरं तर पहिलं बाळंतपण माहेरी. पण डॉक्टरांनी प्रवास करू नका सांगितलं, म्हणून अक्काच भिवंडीला निघाल्या. सव्वा महिन्यासाठी. जाताना पिंजऱ्याची किल्ली माझ्या हातात दिली. माझी मूठ स्वतः मिटवली.

पाचव्या दिवशी मी मडकं टांगलं.

का? आमच्या प्रॅक्टिकलमध्ये काचेवर चिकटवलेला कोंबडीचा गर्भ दाखवला होता. निर्जीव, डाग पडल्यासारखा. सर म्हणाले, जिवंत अंड्यात हृदय धडधडताना दिसतं. शेजारच्या बाकावरची मुलं मान डोलावत होती— जणू त्यांनी ते घरी पाहिलेलं. मला ते पाहायचं होतं. त्यांच्या आधी पाहायचं होतं. एवढंच कारण आहे, याहून बरं कारण माझ्याकडे नाही.

दुसरं कुठलं पाखरू त्या मडक्याकडे गेलं असतं तर? पण दोरसानी गेली. तिने एका निळ्या नराला तेवढं जवळ येऊ दिलं, इतरांना टोचून हाकललं, भोकावर बसून आत डोकावली. आणि मग तिचं शरीर बदलू लागलं. तिच्या चोचीवरची फिकट कातडी आठवडाभरात गडद तपकिरी होत गेली. नुसतं एक मातीचं भांडं दिसलं, आणि तिच्या आत काहीतरी जागं झालं होतं! तिला कुणी शिकवलं? रक्ताला कसं कळतं?

एक दिवसाआड एक, अशी चार अंडी झाली. पांढरीशुभ्र, माझ्या नखाएवढी. मी दुपारी कॉलेजातून आलो की ती दाणे खायला उतरेपर्यंत वाट बघायचो, एक अंडं उचलायचो, अंगावरून चादर ओढून अंधार करायचो आणि टॉर्चच्या काचेवर अंडं धरायचो.

पहिल्या अंड्याच्या सहाव्या दिवशी ते दिसलं.

कसं सांगू? उजेडाने सगळं अंडं नारिंगी झालं होतं. त्यात बारीक लाल रेघा पसरलेल्या, आणि मधोमध मोहरीहून लहान ठिपका— धडधडत होता. बाहेर माग खडखडत होते, भिंत हादरत होती, आणि या ठिपक्याला त्यांच्याशी काही देणंघेणं नव्हतं. त्याचं आपलं चालू होतं. मी देवळात कधी रडलो नाही. त्या चादरीखाली रडलो. मग उठून चित्र काढलं. ते चित्र मी जर्नलला लावलं. सरांनी विचारलं, अंडं कुठलं? मी म्हणालो, गावच्या कोंबडीचं. त्यांनी लाल शाईने लिहिलं— ‘उत्तम निरीक्षण’.

पाचवं अंडं अडलं.

त्या सकाळी दोरसानी मडक्यात नव्हती. पिंजऱ्याच्या तळाशी बसली होती, पिसं फुलवून, आणि श्वासागणिक तिची शेपटी खालीवर होत होती. मला समजलं. आमच्याकडे गाय अडली की काय होतं ते मी पाहिलेलं आहे. मी तिला रुमालात घेऊन सायकलवरून गुरांच्या दवाखान्यापर्यंत गेलो. फाटकाशी उभा राहिलो. आत कंपाउंडरमागे दोन ओळखीची माणसं होती— अक्कांच्या गल्लीतली, बकरी घेऊन आलेली. अंड्यावर कशी बसवलीस, हे ती विचारणारच. हे अक्कांच्या कानावर जाणारच.

मी सायकल वळवली.

ती दुपारी गेली, माझ्या तळहातावर. शेवटी तिने माझं बोट धरलं होतं. तेवढ्या पायांत एवढा जोर कुठून आला होता मला माहीत नाही.

आता इथे थांबावं असं वाटतं. कारण इथवरचं तरी चुकलं म्हणता येतं. पोरवय, अडाणीपणा, काहीही म्हणता येतं.

पण मडक्यात चार अंडी होती. मी पुन्हा चादर ओढली आणि एकेक करून चारी पाहिली. तिघांत तो ठिपका धडधडत होता. आई मेलेली, आणि यांना ते कळलेलंच नव्हतं. कापसात ठेवून, दिव्याजवळ ऊब देऊन ती जगली असती की नाही— मला ठाऊक नाही. मी करून पाहिलं नाही, म्हणून ठाऊक नाही. पिल्लं निघाली असती तर मडकं टांगलं होतं हे लपलं नसतं. मी तेवढाच विचार केला.

मडकं टॉवेलात गुंडाळून मी कंबर तलावावर गेलो आणि कमळाच्या पानांमध्ये सोडलं. वाटलं होतं लगेच बुडेल. ते बुडालं नाही. बराच वेळ तरंगत राहिलं, पाण्याबरोबर हळूहळू फिरत. भोक माझ्याकडे आलं की आतला अंधार दिसायचा. मग कलंडलं, आणि पाणी आत शिरलं.

हे मी केलं. माहीत असून केलं.

अक्का परत आल्या त्या आधी पडवीत गेल्या. पदरसुद्धा सावरला नाही. बोटाने एकेक मोजलं आणि वळल्या. “दोरसानी कुटं हाय रे?”

मी म्हणालो, “थंडी बाधली, अक्का.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, ओळखलं. पण त्या म्हणाल्या, “मी न्हवते म्हनून झालं. तू नको वाईट वाटून घिऊ बिड्डा. तुला काय ठावं.” आणि नातवासाठी केलेल्या लाडवांतला एक माझ्या हातावर ठेवला. मी तो खाल्ला.

त्या आठवड्यात त्यांनी गोणपाटं शिवून पिंजऱ्याला पडदा केला, थंडी लागू नये म्हणून. तेव्हा मी पहिल्यांदा तोंड उघडलं, आणि पाणी मागितलं. तेव्हापासून रोज संध्याकाळी तो बांधला जातो. तीन वर्षं झाली. सोलापूरच्या उन्हाळ्यातसुद्धा, पहाटे गारवा सुटतो म्हणतात त्या.

गेल्या महिन्यात त्या माझी खोली झाडत होत्या आणि जुनं जर्नल उघडं पडलं होतं. त्या चित्रावर वाकल्या. हे काय, म्हणून विचारलं. अंड्यातला जीव, मी म्हणालो. कोंबडीचा. त्यांनी विडीच्या पानाने काळं पडलेलं बोट त्या लाल रेघांवरून फिरवलं, न टेकवता. “सूत सोडल्यावानी हाय की रे,” त्या म्हणाल्या. “एवढंसं! कोन इनलं आसंल हे?” हातातली केरसुणी विसरून त्या तशाच वाकून राहिल्या. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. चादरीखाली माझा चेहरा तसाच झाला असणार.

ती दुसरी वेळ. मी पाणी मागितलं.

आणि परवा ते पोस्टकार्ड. मुलगी पुन्हा बाळंत व्हायची आहे. सासूला आता दिसत नाही, आई तू ये, असं पत्र जावयाच्या अक्षरात आलं होतं. अक्कांना लिहिता येत नाही. त्यांची पत्रं मीच लिहितो. त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं— ‘मला येणे जमणार नाही. पाखरांना टाकून कशी येऊ? मागच्या वेळी मी आले आणि इकडे एक थंडीने गेलं. तू जपून राहा.’

‘थंडीने’ या शब्दाशी माझा हात अडला. अक्का म्हणाल्या, “काय झालं? शाई सपली का?”

मी शब्द पुरा केला. पत्ता नीट, वळणदार अक्षरात लिहिला, आणि जाऊन पेटीत टाकलं.

काल संध्याकाळी पडदा बांधताना अक्कांचा हात वरपर्यंत पोचेना. खालच्या दोन गाठी त्यांनी मारल्या. वरच्या दोन मी मारल्या.