जवळचं लेकरू आधी

हसीनाला गल्लीतल्या लेकरांचा कारभार कुणी सोपवला नव्हता. तिनं तो स्वतःच घेतला, आणि एकदा घेतल्यावर तिच्याकडून काढून घ्यायची छाती कुणाला झाली नाही. लातूरच्या जुन्या भागातली ही गल्ली. एका टोकाला तिच्या नवऱ्याचं, कलीमचं, पत्र्याच्या पेट्यांचं दुकान, दुसऱ्या टोकाला सिंधूची खानावळ, आणि मधल्या घरांत मोठ्या माणसांपेक्षा लेकरंच जास्त. हसीना दिवसभर शिलाई मशीनवर बसून ब्लाउज शिवायची, आणि अर्ध्या गल्लीची लेकरं तिच्या पायाशी खेळायची. चार लेकरं गप्प बसलेली दिसली की तीच विचारायची, "काय रे, कुणाला बरं न्हाई का?"

ती वर्षं लातूरला पालवी फुटल्याची होती. बोर्डाच्या गुणवत्ता यादीत लातूरची पोरं झळकायला लागली आणि कंधारहून, मुरुडहून, कुठून कुठून आईबाप पोराला घेऊन एसटीतून उतरायला लागले. क्लासला नाव घालायचं, खोली बघायची, कलीमकडून एक पेटी घ्यायची आणि सिंधूकडं डबा लावायचा, हा ठरलेला क्रम. गल्ली त्यांच्यावर खूश होती. कलीमच्या हातोड्याला उसंत नव्हती आणि सिंधूच्या तव्याला तर नव्हतीच नव्हती.

पण याच गल्लीनं भूकंपही बघितला होता. त्र्याण्णवच्या त्या पहाटे किल्लारीकडं गावंच्या गावं गेली. इथं भिंतींना तडे गेले, माणसं वाचली. तरी एक गोष्ट हसीनाच्या मनातून जाईना. सिंधू तेव्हा पाण्याच्या रांगेत होती आणि तिचा तान्हा व्यंकटी घरात पाळण्यात होता. त्याच्या उघड्या दारावरून गल्लीतल्या साऱ्या बाया आपापलं लेकरू छातीशी धरून पळाल्या. हसीनाही पळाली. सिंधू उलटी धावत आली आणि तिनंच त्याला काढलं. कुणी कुणाला बोल लावला नाही, पण पुढं महिनाभर बाया सिंधूच्या डोळ्याला डोळा देत नव्हत्या.

त्यातून हसीनाचा नियम निघाला. दिवसा कुणी दाराला कडी लावायची नाही. आणि जमीन हलली की जे लेकरू हाताशी असेल ते उचलायचं. "आपलं हाय का दुसऱ्याचं हाय, हे मैदानात गेल्यावर बघायचं," ती सांगायची. "तुमच्या लेकराजवळ बी कुणी ना कुणी असतंयच की!"

नुसतं सांगून थांबेल ती हसीना कसली? मनात येईल तेव्हा ती दारात उभी राहून परात बडवायची, की सगळ्या बायांनी जवळचं लेकरू घेऊन मागच्या मैदानात पळायचं. पहिल्यांदा सिंधू कणकेचा गोळा छातीशी धरून धावत आली, आणि हसीनाची चार वर्षांची नाझनीन सिंधूच्याच उंबऱ्यावर तशीच बसलेली. "हे लेकरू कुणावर गेलंय गं?" हसीनानं त्या गोळ्याकडं बघून विचारलं. गल्ली पोट धरून हसली. पण हळूहळू सगळ्यांचे हात वळले. बाया हसत हसत का होईना, दुसऱ्याचं लेकरू उचलायला शिकल्या.

विनीता या गल्लीत राहायला आली ती त्यानंतर. नवरा रेणुकादास निलंग्याला सरकारी कचेरीत. सकाळच्या गाडीनं जायचा, दिवेलागणीला यायचा. सासर-माहेर दोन्ही लांब. विनीता गणितात एम.एस्सी. झालेली, आणि एका क्लासवाल्यानं तिला दुपारच्या बॅचला बोलावलं होतं. अडचण एकच, नुकता चालायला लागलेला यज्ञेश. ती हे सिंधूशी बोलत होती तेवढ्यात हसीनानं यज्ञेशला कडेवर घेतलंसुद्धा. "ताई, तुम्ही पोरायला गणित शिकवा. ह्याला मी बघते."

देणंघेणं असं काही ठरलं नाही. सिंधूकडून लेकरांसाठी मऊ भात यायचा. कलीमनं उघड्या नालीवर पत्रा ठोकून दिला आणि त्याच्या कडा हातानं वळवून बोथट केल्या. विनीता संध्याकाळी शाळेतल्या पोरांचा अभ्यास घ्यायची, आणि रविवारी सगळी चिल्लीपिल्ली स्वतःच्या घरी ठेवून हसीनाला नाझनीनसह औशाला माहेरी पाठवायची. एकमेकींच्या आधारानं बायांचे संसार चालले होते, आणि हसीनाला त्याचा अभिमान होता. तो ती लपवतही नव्हती.

मग ती दुपार आली. भूकंपानंतर अधूनमधून धक्के बसायचेच, पण हा जरा जोराचा होता. फळीवरची भांडी खणखणली, मशीन हललं. यज्ञेश हसीनाच्या पायाशी बसून रिकामी रिळं दोऱ्यात ओवत होता. नाझनीन आतल्या खोलीत झोपली होती. हसीना उठली, यज्ञेशला ओलांडून आत धावली, नाझनीनला उचललं आणि मागच्या दारानं मैदानात गेली.

तिथं तिनं श्वास घेतला आणि कडेवर बघितलं. कडेवर नाझनीन होती.

नाझनीनला एका शेजारणीच्या हातात देऊन ती तशीच घराकडं पळाली. तिचे सासरे पाशामियाँ गल्लीच्या मधोमध एका पेटीवर बसले होते आणि त्यांच्या मांडीवर यज्ञेश होता. गुडघे धरलेल्या त्या म्हाताऱ्यानं आत जाऊन त्याला बाहेर काढलं होतं. पडझड काही झाली नव्हती. चिमूटभर चुना खाली आला होता, तेवढाच. हसीना नुसती उभी राहिली.

तेवढ्यात विनीता धावत आली, एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी. तिनं यज्ञेशला घेतलं, त्याचं डोकं, हात, पाय चाचपले आणि मग हसीनाच्या गळ्यात पडली. "भाभी, तुम्ही होत्या म्हणून! नाहीतर मी काय केलं असतं?"

मैदानातून परतलेल्या बायाही म्हणाल्या, "हसीनाभाभी असल्यावर कशाचं भ्याव?"

पाशामियाँनी सुनेकडं एकदा बघितलं आणि चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसायला घेतला. ते मरेपर्यंत बोलले नसते. हसीनानं नुसतं 'हाव' म्हटलं असतं तर सगळं जिथल्या तिथं राहिलं असतं, विनीताची नोकरीही आणि गल्लीचा विश्वासही.

"ताई, मी न्हाई," हसीना म्हणाली. "अब्बांनी काढलं त्याला. मी त्याला वलांडून नाझनीनकडं गेले."

विनीतानं हसीनाच्या गळ्यातले हात काढले, यज्ञेशला घट्ट धरलं आणि ती घरात गेली. दार लागल्याचा आवाज आला. पाठोपाठ कडीचाही आला.

सिंधू हसीनावर चिडली. "कशाला सांगाया गेलीस? कुणी बघितलं व्हतं का?"

"माझ्या भरवशावर ती लेकरू ठेवून जाते. भरवसा फुटका असला तर तिला कळाया नको?"

दुसऱ्या दिवशी यज्ञेश आला नाही. त्याच्याही पुढच्या दिवशी नाही. बाकीच्या बायाही काहीबाही कारणं सांगून लेकरं घरीच ठेवायला लागल्या. एकटी सिंधू तेवढी व्यंकटीला पाठवत राहिली. विनीता क्लासला गेली नाही, आणि क्लासवाला माणूस दारी येऊन विचारून गेला. 'अजून एखादा दिवस वाट बघतो,' असं तो म्हणाल्याचं गल्लीभर झालं. इकडं हसीनाचे ब्लाउज वेळेच्या आधी तयार होत होते. "आता निवांत शिव की," कलीम म्हणाला, तर ती त्याच्या अंगावरच आली. घरातली ती शांतता तिला खायला उठत होती.

माफी मागायला जावं असं तिला वाटे, पण कशाची मागायची ते कळेना. लेकीकडं धावल्याची? ते तिला पुन्हाही करावंसं वाटलं असतं. राग यायचा तो स्वतःच्या पायांचा. एवढी परात बडवली, सगळ्या गल्लीला शिकवलं, आणि ऐन वेळी तिचेच पाय शिकलेले नव्हते.

चौथ्या दिवशी जेवणवेळेच्या आधी विनीता दारात आली. खांद्याला पर्स, कडेवर यज्ञेश.

"भाभी, मी लई विचार केला," ती म्हणाली. "त्या दुपारी तुमच्या जागी मी असते, तर नाझनीनला ओलांडून यज्ञेशकडंच गेले असते. सिंधूही गेली असती."

हसीनानं मशीनचं चाक हातानं थांबवलं.

"मग पायांना दोष देऊन काय उपयोग? आपलं लेकरूच तिथं ठेवायचं नाही. जी सांभाळील तिचं लेकरू दुसरीच्या घरी. तुमची नाझनीन घरात नसली, तर माझ्या यज्ञेशला तुमच्यासारखं कुणी बघणार नाही, ही माझी खात्री आहे. व्यंकटी तुमच्याकडंच राहू द्या, नाझनीनला सिंधू ठेवून घेते. मी बोलले तिच्याशी. क्लासला जाता जाता मी सोडते."

तिनं यज्ञेशला हसीनाकडं दिलं आणि मोकळा झालेला हात नाझनीनपुढं धरला.

हसीनाला सगळं पटलं होतं. तरी तिच्या तोंडून भलतंच निघायला लागलं. नाझनीनला तिखट चालत न्हाई. ती दुपारी ओढणीचं टोक धरल्याबिगर झोपत न्हाई. सिंधूची चूल खाली हाय. डब्याला येणारी पोरं धसमुसळी हायत. विनीतानं सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही तोडलं नाही. मग हसीनानं गळ्यातली ओढणी काढली, घडी करून नाझनीनच्या काखेत दिली आणि तिला पुढं केलं.

नाझनीन विनीताचं बोट धरून खानावळीकडं निघाली, उड्या मारत, मागं वळूनही न बघता. इतकी वर्षं हसीनानं दुसऱ्यांची लेकरं घेतली होती, पण आपलं लेकरू दुसरीच्या हातात द्यायची पाळी तिच्यावर कधी आली नव्हती. आपल्या दारातून मोकळ्या हातानं परत जाणाऱ्या बायांची पावलं रोज जड का पडायची, ते तिला आता कळलं. ती उघडउघड रडली. यज्ञेशनं तिच्या गालावरचं पाणी बोटानं पुसून बघितलं, तेव्हा तिला हसूही आलं.

"ताई, सिंधूला म्हणावं, कडी लावू नको," तिनं दारातूनच मोठ्यानं सांगितलं आणि लेक आत जाईपर्यंत ती तिथंच उभी राहिली.