जुन्या फोल्डरातली फाइल

ऑफिसात सगळे त्यांना काकू म्हणत आणि त्यांच्या पाठीमागे हट्टी काकू. काकूंना दोन्ही मान्य होतं. टाइप केलेलं वाक्य मोठ्यानं बोलून दाखवणारं एक ॲप ही कंपनी बनवायची आणि त्या ॲपचा आवाज तयार करायचं काम बारा वर्षं काकूंकडे होतं. हा आवाज एका शेअर्ड लायब्ररीत असतो. पुस्तकांची नव्हे हो! एक फाइल, जिच्या जिवावर टॅबलेटमधले बाकीचे प्रोग्रामसुद्धा बोलतात. कोड एकच, पण कंपाइल दोनदा करायचा, म्हणजे प्रोसेसरच्या भाषेत दोनदा उतरवायचा: जुन्या प्रोसेसरसाठी एक फाइल, नव्यासाठी दुसरी, आणि एकाची दुसऱ्यावर चालत नाही. नाव दोन्हींचं सारखं, म्हणून त्या वेगवेगळ्या फोल्डरांत ठेवतात.

ती जुनी फाइल साहेबांच्या डोळ्यांत खुपायची.

"शंभरातली चार माणसं जुना टॅबलेट वापरतात, काकू. त्यांच्यासाठी अजून किती दिवस राबायचं?"

"त्यांना बोलायचं असेल तोवर," काकू म्हणाल्या आणि कामाला लागल्या.

त्या चारांत काकूंचा थोरला भाऊ होता. घशाच्या ऑपरेशनात दादाचा आवाज गेला, पण हुज्जत घालायची खोड काही गेली नाही. भाजीवाल्याशीसुद्धा तो टाइप करकरून भांडायचा आणि भाजीवाला हसत हसत ऐकून घ्यायचा.

काकू चार दिवस रजेवर गेल्या आणि नेमकी तेव्हाच ॲपची नवी आवृत्ती बाहेर पडली. कामावर परतल्या तर दादा ऑफिसच्या पायऱ्यांवर बसलेला. त्यानं टॅबलेटवर काहीतरी टाइप केलं, बोलायचं बटण दाबलं. चकार शब्द नाही. मग खिशातून कागद काढून दिला. त्यावर लिहिलं होतं, 'काल दवाखान्यात माझा नंबर लागला. नाव विचारलं, सांगता आलं नाही. कागद शोधेपर्यंत पुढच्याला आत घेतलं.'

काकूंच्या डोक्यात जी तिडीक गेली, ती दादाला हाताला धरून वर नेईपर्यंत उतरली नाही.

त्यांनी दोन्ही फोल्डर उघडले. फाइल दोन्हीकडे होती आणि दोन्हींचा आकार शेवटच्या बाइटपर्यंत एकच. पाणी इथेच मुरत होतं. दोन वेगळ्या प्रोसेसरांच्या फाइली अशा तंतोतंत कधी जुळतात का? काकूंनी रिलीज, म्हणजे नवी आवृत्ती, काढणाऱ्या गृहस्थांना बोलावलं.

"साहेब म्हणाले, जुन्यावर वेळ घालवू नका," ते मान खाली घालून म्हणाले. "पण त्या फोल्डरात फाइल नसली की रिलीजआधीची कॉम्प्युटरची तपासणी अडते. म्हणून नव्याचीच कॉपी तिथे टाकली."

"आणि तपासणी नुसतं नाव बघते."

"हो."

म्हणजे कागदोपत्री सगळं ठीक आणि माणसं मुकी. काकूंनी कपाळावर हातबित मारून घेतला नाही. जुन्या प्रोसेसरसाठी कोड पुन्हा कंपाइल केला, फाइल जुन्या फोल्डरात ठेवली आणि नवं ॲप दादाच्या टॅबलेटमध्ये घातलं. दादा तो मांडीवर घेऊन बसला. तेवढ्यात साहेब आले. दादाकडे बघून जरा ओशाळले.

"काकू, असं करू. यांना नवाकोरा टॅबलेट देतो, कंपनीतर्फे. विषय संपला."

काकूंनी दादाकडे बघितलंही नाही. "बाकीच्यांचं काय? त्यांची बहीण इथे कामाला नाही."

"काकू, निर्णय झालाय."

"तुमचा झालाय. चुकीची फाइल आपण पाठवली, बरोबर असलेली मी पाठवते. मग मला घरी पाठवायचं तर खुशाल पाठवा." त्यांनी रिलीजचं पान उघडलं.

साहेबांचा आवाज चढला. "कोणाच्या परवानगीनं?"

खरं सांगायचं तर परवानगी कोणाचीच नव्हती आणि नोकरी गेली तर दुसरी कुठे शोधायची, हेही त्यांना ठाऊक नव्हतं. खोलीत फक्त काचेवर एक बोट टकटकत होतं.

मग टॅबलेट बोलला, सपाट, ठणठणीत आवाजात.

"आमच्या."

काकूंनी रिलीजचं बटण दाबलं.