पंचामृतातली काडतुसं

"घरचं काडतूस ते घरचं! विकतच्याला ती चव नाही," असं म्हणून तो उजव्या हाताने हवेतली दांडी खालीवर करायचा आणि तोंडाने आवाज काढायचा, "खटॅक!" बायका लोणच्याबद्दल बोलतात तसा हा गृहस्थ काडतुसांबद्दल बोलायचा. असले नग तुम्हीही पाहिले असतील. आमच्या नाशिकचा नग त्या साऱ्यांचा बाप.

मुंबई नाक्याला माझं टायरचं दुकान. चाकांच्या बॅलन्सिंगला रिंगवर शिशाचे तुकडे लावतात, त्यातले जुने गोळा करायला तो नव्वदच्या दशकात दर आठवड्याला टपकायचा. त्याच्याकडे वडिलांची अमेरिकन रायफल होती. खालच्या दांडीला हिसका दिला की नळीतलं पुढचं काडतूस वर येतं, तसली. तिच्या नळीचं भोक एवढं मोठं की उंदराने आत संसार थाटावा. तिची काडतुसं मिळेनाशी होऊन जमाना झाला होता. म्हणून वडिलांनी उडवलेल्या रिकाम्या पितळी पुंगळ्या हा घरी पुन्हा भरायचा. गोळीचं शिसं वितळवायला बायकोची कढई, दारू तोलायला सराफाचा काटा आणि पुंगळी दाबायला एक यंत्र, जे मागच्या जन्मी चकलीचा सोऱ्या होतं. त्या घरात पुन्हा कधी चकली झाली नाही.

शिकारीला बंदी होती. नसती तरी याने चिमणी मारली नसती. कोंबडी कापताना हा भिंतीकडे तोंड करायचा! तरी नांदगावच्या डोंगरात याला बघून बिबट्या कसा माघारी फिरला, ते त्याने मला इतक्यांदा ऐकवलं की एव्हाना बिबट्यालाही पाठ झालं असेल.

निवडणूक लागली की परवान्याची हत्यारं पोलिसांत जमा करावी लागतात. हा रोज चौकीवर जाऊन विचारायचा, "तेल दिलं का हो तिला?" हवालदार म्हणायचा, "दिलं, आणि जेवूही घातलं. जा आता!"

मग एका वर्षी, दोन हजार साल उलटल्यावर, दसऱ्यानंतर सायखेड्याहून त्याच्या धाकट्या बहिणीचा निरोप आला. मी त्याला गाडीत घालून नेलं. तमाशा बघायला, दुसरं काय!

"दादा, लय झालं," बहीण म्हणाली. "डुकरांनी मका झोपवला, एका बाईची पोटरी फाडली. बाया रानात पाय घालत नाय. सोंगणी नाय झाली तर माझं वरीस गेलं."

"शांते, मी आलोय ना! मारायचं नाही, कायदा आहे. पण असा आवाज काढतो की डुकरं थेट लासलगावला जाऊन लिलावात उभी राहतील. खटॅक!"

तेवढ्यात मक्यातून डुक्कर बाहेर आलं. एवढं मोठं, की चाकं लावून दिली असती तर मी त्याचं बॅलन्सिंग केलं असतं. बाया बांधामागे पळाल्या. याने दांडी ओढली, आभाळाकडे नळी करून घोडा दाबला. काही नाही. पुन्हा दांडी, पुन्हा घोडा. काही नाही. काडतुसं आत चिकटून बसलेली. बाहेर आल्या त्या मुंग्या, त्याही शिस्तीत, रांगेने, मनगटावरून बाहीत.

"हे काय?" मी ओरडलो.

"दसऱ्याला पूजा केली," तो पुटपुटला. "काडतुसांना पंचामृताचं स्नान घातलं."

"मध पण?"

"मधाशिवाय पंचामृत होतं का?"

डुकरालाही हे नवीन असावं, ते थबकलं. बहिणीने घमेलं उचललं. मग याला खिशातलं एक काडतूस आठवलं, लोकांच्या नाकाखाली नाचवायला ठेवलेलं. भरलं, उडवलं. गोदावरीवरचे बगळे उठले आणि हा शूर वीर चिखलात उताणा! पण डुक्कर पळालं, अख्ख्या खानदानासकट.

"काका, लय भारी!" बाया टाळ्या पिटत आल्या. "तुम्ही बांधावर बसा, मग आम्ही कापतो."

मी कानाशी लागलो. "आणखी आहे का?"

"संपलं. घरी भरायला दारूही उरली नाही."

"मग चल घरी. ते परत आलं तर?"

हात हवेत गेला नाही. तोंडातून 'खटॅक' निघालं नाही. "तर आधी माझ्याकडे येईल," तो म्हणाला, "मी पुढे बसतो ना."

बसला. सोंगणी संपेपर्यंत रोज, उन्हात, पालथ्या बादलीवर, रिकामी रायफल मांडीवर घेऊन. मी खरं बोललो असतो तर एकही बाई रानात थांबली नसती. आयुष्यभर थापा मारून या माणसाने मलाही एका थापेत भागीदार केलं, याचा मला अजून राग आहे.

आता तो नाही. रायफलही सरकारजमा झाली. कौतुक करण्यासारखं त्या माणसात काही नव्हतं, असं मी आजही कुणालाही सांगतो.

फक्त एका दुपारी त्याचा डबा घेऊन गेलो होतो तेव्हाचं विसरत नाही. हा तोंड उघडं टाकून घोरतोय, नळी मातीत रुतलेली. बाया विळे थांबवून एकमेकींकडे बघतायत. आणि त्याच्याकडे मान न वळवता बहीण म्हणाली, "कापा गं, दादा जागा हाय."