मुक्ताच्या कमरेचा नाप

तूप बंद केलं. बटाटा बंद केला. साखरेचा डबा माळ्यावर टाकला... अजून काय बंद करू, सांग नंदू. श्वास?

परवा फॅमिली ग्रुपवर मुक्ताचा शाळेतला फोटो टाकला, तर माझ्या भावाचं, म्हणजे तुझंच, उत्तर काय, तर "ताई, किती खायला घालतेस तिला!" खाली तुझ्या बायकोनं, शिल्पानं, डाएट चार्ट पाठवला. ओट्स, किनोआ... इथे पाटणकर बाजारात दुकानदाराला विचारलं, तो माझ्याच तोंडाकडे बघत बसला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मुक्ता माझी भाची, माझ्या भावाची, नंदूची मुलगी, नऊ वर्षांची. नंदू आणि शिल्पाला बंगलोरला नोकरी लागली, तेव्हा "फक्त सहा महिने ठेव ताई, घर लागलं की नेतो" म्हणून सोडून गेले. त्याला तीन वर्षं झाली. मी ग्वाल्हेरला हरिशंकरपुरममध्ये एकटी राहते, घरीच फॉल-पिको आणि ब्लाउज शिवते. सहावीपर्यंत शिकले, त्यामुळे चुकलं-माकलं असेल तर चालवून घ्या.

लोक तर काय, तयारच बसलेले. ब्लाउज न्यायला येणाऱ्या मिश्राबाई पोरीसमोर म्हणतात, "बुआ का लाड़ दिख रहा है!" मी म्हटलं, भाभी, आपका ब्लाउज भी दो बार ढीला किया है मैंने. तेव्हापासून गप्प आहेत.

पण मनात लागलंच ना. मागच्या मंगळवारी तिला डॉक्टरकडे नेलं. थायरॉईड वगैरे सगळं ठीक निघालं. मला वाटलं, आता मलाच बोलणी बसणार.

डॉक्टरीणबाईंनी खाण्याचं विचारलं, मग एकदम म्हणाल्या, ही रडली की कुणाजवळ जाते? मी मोठ्या कौतुकानं सांगितलं, रडतच नाही हो, फार शहाणी आहे... त्यांनी पेन खाली ठेवला.

त्यांनी समजावलं ते मला जेवढं कळलं तेवढं लिहिते. पोराच्या मनावर सारखा ताण असला की अंगात एक हार्मोन वाढतं, कॉर्टिसोल म्हणतात. मग भूक नसतानाही गोड, तळलेलं मागायला लागतं, आणि चरबी पोटावर चढते. खाणं-खेळणं बघायलाच हवं, पण नुसतं ताटातलं काढून भागणार नाही म्हणाल्या. आपलं माणूस आपल्याला सोडून जाणार नाही, एवढं पोराला पक्कं वाटलं पाहिजे.

मला पहिल्यांदा हे शिकलेल्या लोकांचं काहीतरी वाटलं. घरी येऊन नापाची वही काढली. मुक्ता आली तेव्हापासून तिचा युनिफॉर्म मीच शिवते, दर खेपेचा नाप वहीत आहे.

मे महिन्यात तुम्ही दोघं पंधरा दिवस आलात. आमरस-पुरी झाली, श्रीखंड झालं, पोरगी सगळं जेवली. तुम्ही यायच्या आधी कंबर सत्तावीस, तुम्ही गेलात तेव्हाही सत्तावीस. आणि तुम्ही गेल्यावर, माझी दुधी-तोरईची सब्जी खाऊन, दोन महिन्यांत साडेअठ्ठावीस! मी डॉक्टर नाही. पण टेप मला वाचता येतो.

मग लक्ष ठेवलं. संध्याकाळी सातला तुमचा फोन येतो तेव्हा ही बोलते, हसते, मग दोन पोळ्या खाऊन उठते. फोन आला नाही की मोबाईल मांडीवर घेऊन बसते... आणि हात डब्यात. कधी शेव, कधी नुसता गूळ. मागच्या हफ्त्यात चार दिवस फोन आला नाही.

माझंही चुकलंच. तिचं तोंड उतरलं की मला बघवायचं नाही, मीच डबा पुढे करायची. जवळ घ्यायला पाहिजे होतं... मला ते जमत नाही. आई गेल्यापासून मलाही कुणी जवळ घेतलेलं नाही. सवयच गेली.

काल नवीन ट्यूनिकचा नाप घेत होते. पोरीनं पोट आत ओढून धरलं, श्वास रोखून. म्हटलं, सोड ना गं, कपडा तंग होईल. तर म्हणते, "आत्या, मैं पतली हो जाऊँगी तो मम्मी मुझे ले जाएगी ना?"

टेप बाजूला ठेवला. विचारल्यावर कळलं, शिल्पा फोनवर म्हणाली होती, वजन कमी कर, मग तुला इकडे आणू. शिल्पा, तू चांगल्यासाठीच म्हणाली असशील. पण पोरगी तेव्हापासून शाळेत डबा मैत्रिणींना वाटून टाकते आणि संध्याकाळी उपाशी येऊन गूळ खाते.

काल तिला जवळ घेतलं. पहिल्यांदा दोघी लाकडासारख्या उभ्या होतो... मग ती रडली. खूप रडली.

नंदू, ग्रुपवर विचारलं की तू अंगठा दाखवतोस, म्हणून इथे, सगळ्यांना दिसेल असं, लिहितेय. इथलं तू सगळं वाचतोस, मला ठाऊक आहे. एक तर सहामाही झाली की तिला घेऊन जा, आहे तशी, साडेअठ्ठावीस कमरेची. नाही तर दोघांपैकी एकानं इथे येऊन राहा. ती गेली की हे घर मला खायला उठेल, ते मला कळतं. ते माझं मी बघेन.

सोमवारी शाळेत टीसीसाठी अर्ज द्यायचा की नाही, ते मला रविवारी दुपारी बारापर्यंत सांग. अंगठा नको. फोन कर, आणि आधी मुक्ताशी बोल.