चुकांची भिशी

चार्टवर दुपारी अडीचची नाडी लिहिलेली होती. तीनची होती, साडेतीनची होती, चारचीही होती. बीपी प्रत्येक वेळी एकशे दहा-सत्तर. रक्तस्राव बेताचा, पोट घट्ट. अक्षर वळणदार, एकही रकाना रिकामा नाही. आणि ज्या बाळंतिणीचा हा चार्ट होता, तिला दीड वाजताच अॅम्ब्युलन्समध्ये घालून मोठ्या हॉस्पिटलात नेलं होतं, कारण तिचं रक्त थांबत नव्हतं. अडीचला ती त्या खाटेवर नव्हतीच. अडीचला दुसऱ्या ठिकाणी तिची गर्भपिशवी काढत होते.

मी तो कागद दोनदा वाचला, तिसऱ्यांदा उजेडात धरून वाचला. 

हे झालं उल्हासनगरमधल्या एका छोट्या खाजगी हॉस्पिटलात. मालक डॉक्टर सिंधी, वयाने माझ्याहून मोठे. त्यांनी मला बोलावून घेतलं होतं ते मी 'डॉक्टर' आहे म्हणून. म्हणजे नर्सिंगमधली पीएचडी. अंबरनाथ पश्चिमेच्या आमच्या सोसायटीत लोक अजून माझ्याकडे खोकल्याचं औषध मागायला येतात, आणि मी तसली डॉक्टर नाही म्हटलं की "मग कसली?" असं तोंड करून परत जातात. पण उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या तीन गावांतल्या हॉस्पिटलांत माझा शब्द चालतो. तो बाळंतिणींचा चार्टसुद्धा माझाच होता. बाळंतपण झाल्यावर पहिले दोन तास दर पंधरा मिनिटांनी आणि मग दर अर्ध्या तासाने काय काय बघायचं, त्याचे रकाने मी आखले होते आणि ते भरायला नर्सेसना शिकवलं होतं. त्यावरच मला पीएचडी मिळाली होती.

"देखो मॅडम, बाई वाचली ही झूलेलालची कृपा," मालक म्हणाले. "पण आता विमावाले विचारणार. तुम्ही एक रिपोर्ट लिहा, सिस्टरचा निष्काळजीपणा म्हणून. तुमची सही असली की बात खतम. तिला मी उद्यापासून घरी बसवतो."

मी तयार होते. खरं सांगते, माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. त्या सिस्टरला समोर बोलावलं. पस्तिशीची बाई, विठ्ठलवाडीच्या चाळीत राहणारी. नवरा दोन वर्षं अंथरुणाला खिळलेला, घर तिच्या पगारावर. हे मला ठाऊक होतं, आणि तरी मला तिची दया आली नाही.

"अडीचला नाडी कुणाची बघितलीस?" मी विचारलं.

"मॅडम, चार्ट पूर्ण आहे."

"ते दिसतंय मला. नाडी कुणाची?"

तिने मान खाली घातली. मग हळूच म्हणाली, "रकाना रिकामा ठेवायचा नाही, असं तुम्हीच शिकवलं होतं ना."

चोराच्या उलट्या बोंबा, मी मनात म्हटलं. रिपोर्ट आठवड्याभरात देते असं सांगून निघाले. तिची नोकरी माझ्या एका सहीवर होती, आणि सही कुठे करायची ते माझं ठरलं होतं.

मध्ये शनिवार आला. महिन्यातून एका शनिवारी दुपारी आम्ही नर्सेस अंबरनाथला एका शाळेच्या वर्गात जमतो. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, तिन्हीकडच्या. सरकारी, खाजगी, कारखान्यांच्या दवाखान्यांतल्या. आपण एकच काम करतो, तर ते एकमेकींकडून शिकू, म्हणून मी हे सुरू केलं. पुस्तकात याला लांबलचक इंग्रजी नाव आहे. पण पहिल्याच महिन्यात बदलापूरच्या एका वयस्कर सिस्टर म्हणाल्या, "म्हणजे भिशीच की. फक्त पैशाऐवजी चुका." तेच नाव पडलं. डब्यात सगळ्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या. जिची निघेल तिने आपली एक चूक सांगायची, बाकीच्यांनी तिला बोल न लावता त्यावर उपाय शोधायचा. लहान मुलांच्या बाकांवर गुडघे कोंबून बसलेल्या आम्ही चौदा-पंधरा बायका. माझी चिठ्ठी त्या डब्यात कधीच नव्हती. मी चालवणारी ना!

त्या शनिवारी मी चिठ्ठी काढलीच नाही. नाव-गाव न सांगता तो चार्ट वाचून दाखवला आणि विचारलं, "नसलेल्या बाईची नाडी लिहिणारी ही बाई नर्स म्हणवून घ्यायला लायक आहे का?"

त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. मला वाटलं, हबकल्या. हबकायलाच हव्या होत्या.

मग उल्हासनगरच्या कॅम्प चारमधल्या एका सिस्टरने घसा खाकरला. "मॅडम, बाळंतपण झालं की आम्ही पण आधी चार्ट उरकतो."

"उरकतो म्हणजे?"

"म्हणजे चार तासांचा भरून ठेवतो. मग पेशंटकडे बघायला मोकळ्या."

मला आधी कळलंच नाही. मी पुन्हा विचारलं. तिने पुन्हा तेच सांगितलं, शाळेतल्या मुलीला सांगावं तसं. दुसरी म्हणाली, ती दोन पेनं वापरते, म्हणजे वेगवेगळ्या वेळी लिहिल्यासारखं वाटतं. तिसरी म्हणाली, "सगळे आकडे सारखे नकोत ना, म्हणून मी मध्येच एकदा नाडी ब्याऐंशी टाकते." त्यावर दोघी-तिघी हसल्या. 

"कोण कोण करतं असं? हात वर करा," मी जवळजवळ ओरडलेच.

एक सोडून सगळे हात वर झाले. ती एक दातांच्या दवाखान्यात होती, तिच्याकडे चार्टच नव्हते.

"पण का?" मी विचारलं. "का करता असं?"

उत्तर त्या बदलापूरच्या वयस्कर सिस्टरनी दिलं. "तुम्ही रिकाम्या रकान्याला लाल पेनने गोल करत होता म्हणून. आणि ज्यांचे चार्ट पूर्ण, त्यांना स्टीलचा डबा देत होता. माझ्याकडे तुमचे दोन डबे आहेत. एकात तूरडाळ ठेवते, एकात साखर."

"ते माझ्या पीएचडीच्या वेळी," मी म्हटलं.

"हो, तेव्हाच. तेव्हापासूनच तर सवय लागली. एकटी बाई वॉर्डात, तीन बाळंतिणी, वर तुमचे एवढे रकाने. खरं बघत बसलं तर चार्ट कधी भरायचा? आम्ही तुमचं मन मोडलं नाही हो."

मी खुर्चीवर बसले.  माझ्या अख्ख्या पीएचडीचा निष्कर्ष एवढाच होता की प्रशिक्षणाआधी रकाने रिकामे होते आणि प्रशिक्षणानंतर ते भरले, म्हणजे बाळंतिणींची काळजी सुधारली. या तिघी-चौघींनी माझ्यादेखत, चहा पिता पिता, तो खोडून टाकला होता. आणि त्यांच्या चेहऱ्यावर अपराधी भाव नव्हता. त्यांना वाटत होतं मला माहीत आहे.

"तुमची चिठ्ठी घाला आता डब्यात," वयस्कर सिस्टर म्हणाल्या. रागाने नाही, आई मुलीला जेवायला बसवते त्या आवाजात. मी कागदाच्या कपट्यावर माझं नाव लिहिलं. घडी घालून तो डब्यात टाकला.

घरी जाऊन प्रबंधाचं सोनेरी अक्षरांचं बाड काढलं. शेवटी नमुन्याचे चार्ट जोडले होते. वर्षानुवर्षं मी ते अभिमानाने लोकांना दाखवले होते. एकशे दहा-सत्तर. एकशे दहा-सत्तर. एकशे दहा-सत्तर. पान उलटलं तरी तेच. कुठल्या बाळंतिणीचं बीपी असं भिंतीवर खिळा ठोकल्यासारखं एका जागी राहतं? पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनीने ओळखलं असतं. मी त्याखाली 'स्थिर' असं लिहिलं होतं. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

माझ्या मार्गदर्शक बाईंना फोन केला. त्या निवृत्त आहेत. सगळं ऐकून म्हणाल्या, "अगं, आता उकरून काय मिळणार? पदवी मिळाली ना?" हा दुसरा धक्का पहिल्याहून लहान नव्हता. विद्यापीठाला मी पत्र लिहिलं. अजून उत्तर नाही.

रिपोर्ट मात्र लिहिला. चार्ट माझा आहे, रकाना रिकामा ठेवू नका हे मी शिकवलं आहे, त्या दुपारी दुसरी सिस्टर ऑपरेशनला होती आणि ही एकटी तीन बायकांना बघत होती, असं सगळं. शेवटी लिहिलं की तिने खोटे आकडे लिहिले ही तिची चूक, पण ती तिची एकटीची नाही, आणि तिला काढून टाकलं तर पुढची सिस्टर हेच करेल.

मालकांनी वाचलं आणि चष्मा काढला. "मॅडम, हे तुम्ही स्वतःच्याच खिलाफ लिहिलंय?"

"हो."

"ये कागज तो मैं किसीको दिखा नहीं सकता." त्यांनी कागद घडी घालून खणात टाकला. "ठीक आहे. राहू दे तिला. पण आपला चार्ट मस्त आहे हां, तो बदलू नका. तपासणीवाल्यांना आवडतो."

 एका बाईची पिशवी गेली, आणि यांना चार्ट आवडला होता!

चार्ट आम्ही बदललाच, भिशीत बसून. रकाने निम्मे केले. आणि नियम केला की रिकामा रकाना चालेल, फक्त शेजारी कारण लिहायचं. विठ्ठलवाडीची ती सिस्टरही आता भिशीत यायला लागली होती, मागच्या बाकावर, कुणाशी न बोलता. पहिल्या महिन्यात तिचाच चार्ट सगळ्यात रिकामा होता. 'दुसऱ्या बाळंतिणीजवळ.' 'एकटी.' 'एकटी.' सगळ्यांचे कागद मी बाकांवर मांडले आणि बघत राहिले. हॉस्पिटलं वेगळी, गावं वेगळी, पण रिकामे रकाने बहुतेक सगळे दुपारी बारा ते दोनमधले. एक सिस्टर ऑपरेशनला, एक जेवायला, वॉर्डात उरलेली एक. इतकं साधं होतं हे, आणि माझ्या जाडजूड प्रबंधात त्याचा पत्ता नव्हता. जेवणाच्या वेळा तेव्हाच बदलल्या. शिवाय ठरलं की बाळंतिणीजवळ जी घरची बाई असते तिला पोट चाचपायला शिकवायचं.

पण शिकवायचं कसं? पुस्तकी भाषेत सांगून त्या बायकांना कळणार नव्हतं. तेव्हा मला पिशवी गेलेल्या त्या बाळंतिणीच्या सासूबाई आठवल्या. बारवी धरणाकडच्या पाड्यावरच्या. मुलगा आनंदनगरच्या कारखान्यात, त्याच्या विम्यावर सून उल्हासनगरला आली होती. सून घरी आल्यावर मी तिला भेटायला पाड्यावर गेले होते तेव्हा कळलं होतं की या आजी म्हणजे पाड्यावरची सुईण. बाळंतपणं घरी व्हायची तेव्हा सगळी त्यांच्याच हाताखालून गेलेली.

मी बोलावलं, तशा मुलाच्या मोटरसायकलवर बसून आजी भिशीच्या वर्गात आल्या. खुर्ची दिली तर खाली बसल्या. मग आम्हीही खाली बसलो, पीएचडीसकट. त्यांनी आपली मूठ आवळून दाखवली. "प्वाट असं लागलं पायजे. नारलासारका. मऊ लागलं का समजायचं, रगात जातंय. मंग चोलायचं आन् हाक मारायची." एकेकीला त्यांची मूठ चाचपायला लावली, कधी घट्ट, कधी सैल. पदवीधर नर्सेस रांगेने मूठ दाबत होत्या.

मी सहज विचारलं, "आजी, त्या दिवशी तुमच्या सुनेचं पोट तुम्ही बघितलं होतं का?"

"बगितलं की. मऊ व्हतं. फडका भिजला व्हता, दुसरा दिला, तो बी भिजला. तिनदा सांगलं मी सिस्टरला. ती लिवत व्हती. म्हनली, आजी, एवडं लिवून व्हऊ द्या, येते."

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती.  सुईण खाटेजवळ बसली होती, तिला कळलं होतं, तिने तीन वेळा सांगितलं होतं. हे चार्टवर नव्हतं, मालकांच्या फाइलमध्ये नव्हतं, मी एवढ्या प्रामाणिकपणे लिहिलेल्या रिपोर्टातही नव्हतं. तिच्या घरी जाऊन, तिच्या हातचा चहा पिऊनही मी तिला विचारलं नव्हतं. खाटेजवळच्या बाईला काय दिसलं, असा रकाना मी कधी आखलाच नव्हता.

मागून विठ्ठलवाडीची ती सिस्टर उठली. बाळंतपणाच्या दिवशी तिच्या तोंडाला मास्क होता, आजींनी तिला ओळखलं नव्हतं. ती पुढे येऊन त्यांच्यासमोर गुडघे टेकून बसली.

"आजी, ती सिस्टर मीच."

आजी बघत राहिल्या.  मला वाटलं, आता त्या उठून जातील, आणि जाव्यात असंही वाटलं.

"माज्या सुनेला आता दुसरं पोर व्हनार नाय," त्या म्हणाल्या.

"हो, आजी."

"तू लिवत व्हतीस."

"हो."

आजींनी तिचा उजवा हात, तो लिहिणारा हात, ओढून आपल्या मांडीवर घेतला आणि त्यात आपली आवळलेली मूठ ठेवली.

"आता कुनी हाक मारली, तर उठशील ना, पोरी?"